गोल्फ क्लबची ग्रिप आणि तिच्यावरची पकड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, चढवलेलं रबरी आवरण म्हणजे 'ग्रिप', आणि ते हातात धरण्याची पद्धत म्हणजे 'पकड'. एक वस्तू आहे, दुसरी सवय. बरीच वर्षं मी लोकांच्या ग्रिप बदलून देतो आणि नवशिक्यांना पकड शिकवतो. या दोन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, ते रोज पाहतो. "माझे हात फार घट्ट होतात" अशी तक्रार आली की मी आधी हात बघत नाही, ग्रिप बघतो. खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत.

ग्रिप ही एवढी विचार करण्यासारखी गोष्ट आहे का?

हो. अख्ख्या क्लबला तुमचा स्पर्श होतो तो फक्त तिथेच. क्लबफेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) उघडा आहे की मिटलेला, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे वळला आहे की डावीकडे, क्लबहेड कुठे आहे, हे हातांना ग्रिपमधूनच कळतं. ग्रिप गुळगुळीत झाली की हाताचा तिच्यावरचा भरवसा उडतो. क्लब सुटेल या धास्तीने बोटं आपोआप आवळतात. बोटं आवळली की मनगटं आखडतात, मग कोपर आणि खांदेही. खेळाडू स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) दुरुस्त करत बसतो आणि मूळ दुखणं रबरातच राहतं. म्हणून स्विंगचे धडे घेण्याआधी ग्रिप तपासा.

ग्रिप बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

सर्वात जास्त वापरातला क्लब घ्या, बहुतेकांचा तो सात नंबरचा आयर्न किंवा एखादा वेज (जवळच्या अंतरावर चेंडू उंच टाकायचा क्लब) असतो. ग्लोव्ह काढून ग्रिप उजेडात तिरकी धरा. डाव्या अंगठ्याच्या जागी चकाकणारा लंबगोल डाग दिसला, तर तिथली नक्षी झिजली आहे. आता तोच अंगठा डागावर ठेवून हलकेच सरकवा, आणि मग ग्रिपच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे हात कधी जात नाही तिथे, तसंच करून पाहा. खाली अंगठा अडतो आणि वर घसरतो, एवढा फरक जाणवला तर ग्रिप गेली.

आणखी काही खुणा: रबरात नख दाबलं तरी ते दबत नाही, दगडासारखं लागतं. बारीक भेगा दिसतात. हाताला काळं लागतं. ओल्या फडक्याने पुसल्यावरही चमक जात नाही. आणि सर्वात बोलकी खूण म्हणजे शॉट मारून झाल्यावर क्लब हातात किंचित फिरलेला असणं.

किती दिवसांनी बदलावी?

वर्षातून एकदा किंवा साधारण ४० राउंडनंतर (एक राउंड म्हणजे मैदानावरचा एक पूर्ण खेळ), असं ग्रिप बनवणारे सर्रास सांगतात आणि नियमित खेळणाऱ्याला ते लागू पडतं. रेंजवरचा, म्हणजे सरावाच्या मैदानावरचा, सराव मात्र यात धरायला विसरू नका. आठवड्याला दोनदा बादलीभर चेंडू मारणाऱ्याची ग्रिप राउंड मोजणाऱ्यापेक्षा खूप आधी झिजते.

मी वर्षातून चार-पाच वेळाच खेळतो. तरीही?

तरीही तपासाच. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं आणि हातांचं तेल त्यात मुरून राहतं. माळ्यावर दहा वर्षं पडून असलेला सेट वरून नवा कोरा दिसतो, पण ग्रिप हातात घेतली की काचेसारखी लागते. जुना सेट विकत घेणाऱ्यांनी तर ग्रिप बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

माझ्या हाताला कोणत्या जाडीची ग्रिप बरोबर?

ग्रिपच्या जाड्या मुख्यतः चार: अंडरसाइझ, स्टँडर्ड, मिडसाइझ आणि जंबो. मिडसाइझ स्टँडर्डपेक्षा साधारण १/१६ इंच जाड असते आणि जंबो १/८ इंच. आकडे किरकोळ वाटतात, पण हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

जुनी आणि सोपी चाचणी अशी. डाव्या हातात क्लब नेहमीसारखा धरा. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याला हलकी टेकली, तर जाडी बरोबर. टोकं आणि उंचवटा यांच्यात फट राहिली तर ग्रिप जाड आहे. टोकं मांसात रुतली तर बारीक. ग्लोव्हच्या साइझवरूनही अंदाज बांधतात, पण बोटांची लांबी आणि तळव्याची रुंदी यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे मी चाचणीवर जास्त विसंबतो.

बारीक ग्रिपने चेंडू डावीकडे जातो आणि जाडने उजवीकडे, असा एक समज आहे. बारीक ग्रिपमध्ये हात जास्त खेळतात आणि जाडमध्ये कमी, असं त्यामागचं तर्कशास्त्र. काहींच्या बाबतीत तसं घडतंही, पण उलटा अनुभव आलेली माणसंही मी पाहिली आहेत. जाड ग्रिपने हात सैलावतात आणि मनगटं उलट जास्त मोकळी होतात. तेव्हा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाणं) घालवायला बारीक ग्रिप, असं औषध स्वतःच स्वतःला लिहून देऊ नका. जी ग्रिप न आवळता धरता येते, ती तुमची.

ग्रिपवर 'एम ६० आर' असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

'एम' म्हणजे पुरुषांची स्टँडर्ड साइझ, '६०' म्हणजे ग्रिपच्या आतल्या पोकळीचा व्यास ०.६०० इंच, आणि 'आर' म्हणजे आतून पूर्ण गोल. शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यासही साधारण ०.५८० ते ०.६२० इंच असतो. ०.६०० च्या शाफ्टवर ०.६० ची ग्रिप चढवली की ती ठरलेल्या जाडीची होते. त्याच शाफ्टवर ०.५८ ची चढवली तर रबर ताणून बसतं आणि ग्रिप थोडी जाड होते. उलट केलं तर बारीक आणि सैल. शाफ्टचं माप ठाऊक नसेल तर कॅलिपर लावून बघा, अंदाजाने मागवू नका.

दोन साइझच्या मधली जाडी हवी असेल तर ग्रिपखाली टेपचे जादा थर देतात. साध्या मास्किंग टेपच्या एका थराने व्यास साधारण १/६४ इंच वाढतो. काहींना खालच्या हाताशी ग्रिप निमुळती झालेली आवडत नाही. त्यांच्यासाठी फक्त खालच्या अर्ध्या भागात दोन-तीन थर जास्त देतात. उजवा हात शॉटमध्ये फार घुसतो अशी तक्रार असणाऱ्यांनी हे एकदा तरी करून पाहावं.

रबर, कॉर्ड, पॉलियुरेथेन... यातली कोणती निवडू?

आपल्या हाताला किती घाम येतो, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. साधी रबराची ग्रिप बहुतेकांना चालते, टिकते आणि हाताला फार बोचत नाही. कॉर्ड ग्रिपमध्ये रबरात सुती धागा मिसळलेला असतो. तो पृष्ठभागावर उघडा असतो, म्हणून घाम आणि पाऊस असतानाही हात अडकून राहतो. पण ती खरखरीत असते. ग्लोव्ह नसलेल्या उजव्या हाताला पहिले काही दिवस चुरचुरते, आणि मऊ हाताच्या माणसाला फोड येतात. त्यावर मधला मार्ग म्हणजे अर्धी कॉर्ड: वर ग्लोव्हच्या हाताखाली कॉर्ड, खाली उघड्या हाताखाली मऊ रबर. घाम खूप येतो पण हात नाजूक आहेत, अशांना मी आधी हीच सुचवतो.

पॉलियुरेथेनची ग्रिप हाताला जरा चिकटते, मऊ लागते आणि फटक्याचा झणका शोषते. सांधे दुखणाऱ्यांना ती आवडते. मात्र रबरापेक्षा लवकर झिजते, आणि नक्षी उथळ असेल तर ओली झाल्यावर निसटते. चामड्याच्या पट्ट्या गुंडाळायची पद्धत रबर येण्याआधी सगळीकडे होती. आजही हौसेने वापरणारे आहेत, पण तिची निगा राखायची तयारी हवी.

नक्षी किती खोल आहे यावरून फसू नका. दुकानात कोरड्या हाताने सगळ्याच ग्रिप छान लागतात. हात ओला करून धरून बघा, खरी परीक्षा ती.

रिब असलेली ग्रिप घ्यावी की पूर्ण गोल?

रिब म्हणजे ग्रिपच्या खालच्या अंगाला लांबीभर गेलेला बारीक उंचवटा. डोळे मिटूनही हात प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो, हा तिचा फायदा. ज्यांची पकड अजून बसलेली नाही त्यांना रिब मदतीची ठरते. पण वेज उघडा करून चेंडू बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) काढताना किंवा कोन बदलता येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये (सर्वात लांब फटक्याच्या क्लबमध्ये) शाफ्ट फिरवल्यावर रिब भलत्याच जागी येते. तिथे गोल ग्रिप बरी.

जाड ग्रिप लावल्यापासून क्लबहेड हलकं वाटतंय. भास आहे का?

भास नाही. स्टँडर्ड ग्रिप साधारण ५० ग्रॅमची असते, आणि जाड ग्रिप सहसा तिच्याहून जड. हातांच्या बाजूला साधारण ४ ते ५ ग्रॅम वाढले की स्विंगवेट एका अंकाने उतरतं, म्हणजे क्लबहेडकडचा भार कमी जाणवतो. जाड पण हलक्या ग्रिपही मिळतात. आहे ती जाडी पसंत असेल आणि फक्त वजन खटकत असेल, तर त्या बघा.

पटरची ग्रिप वेगळी का असते?

कारण पटिंगमध्ये, म्हणजे पटरने चेंडू हलकेच होलकडे ढकलताना, मनगटं शांत राहायला हवी असतात. इतर क्लबची ग्रिप गोल असावी लागते, पटरच्या ग्रिपला मात्र नियमांनी सूट दिलेली आहे. पुढची बाजू सपाट चालते, त्यावर दोन्ही अंगठे सरळ ठेवता येतात. २००७ साली दक्षिण कोरियाचे व्यावसायिक खेळाडू के. जे. चोई यांनी नेहमीच्या दुप्पट वाटावी अशी जाड पटर ग्रिप वापरली तेव्हा लोक बघत राहिले होते. आज तशा ग्रिप जागोजागी दिसतात. हात थरथरणाऱ्याला किंवा आखूड पटवर मनगट झटकणाऱ्याला जाड ग्रिपने खरंच आराम पडतो. पण लांब पटवर अंतराचा अंदाज येण्यासाठी बोटांत थोडी जाणीव लागते, ती जाड ग्रिपमध्ये बोथटते. म्हणून पहिल्याच फटक्यात सर्वात जाड ग्रिप घेऊ नका.

नियमांच्या दृष्टीने कशाची काळजी घ्यायची?

यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांचे साहित्याचे नियम सगळीकडे धरले जातात. त्यातलं नेहमी लागणारं एवढंच: पटर सोडून बाकी ग्रिप आडव्या छेदात गोल हवी, लांबीभर सरळ गेलेली हलकी रिब चालते. मधे फुगवटा किंवा कंबर नको. कोणत्याही दिशेने व्यास १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, याहून जास्त नको. बोटांचे खाचे पाडलेली सरावाची ग्रिप स्पर्धेत चालत नाही. हात कोरडे ठेवायला पावडर किंवा राळ वापरायला परवानगी आहे. लांब पटरचं टोक किंवा तो धरणारा हात छातीला टेकवून मारणं १ जानेवारी २०१६ पासून बंद आहे. तसा पटर बाळगायला मात्र हरकत नाही.

ग्रिप धुवायच्या कशा?

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब आणि मऊ ब्रश. फेस करून वरून खाली हलकं घासा, साबण पूर्ण जाईपर्यंत ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, कोरड्या टॉवेलने टिपा आणि सावलीत उभे करून वाळवा. क्लब बादलीत बुडवू नका. ग्रिपच्या टोकाला भोक असतं, त्यातून पाणी शाफ्टमध्ये जातं आणि स्टीलचा शाफ्ट आतून गंजतो. ब्रश मारतानाही टोक जमिनीकडे असलेलं बरं.

साबण नीट निघाला नाही तर ग्रिप आधीपेक्षा निसरडी होते. "धुतल्यावर बिघडली" म्हणून आलेल्या बऱ्याच ग्रिप मी फक्त साध्या पाण्याने पुन्हा पुसून परत दिल्या आहेत.

पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावण ग्रिपला लावू नका. रबर फुगतं, चिकट होतं आणि मग हाताला काळं सोडतं. चमक आलेल्या साध्या रबरी ग्रिपवर अगदी बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवला तर थोडे दिवस घसरणं कमी होतं. हा उपाय तात्पुरताच, आणि पॉलियुरेथेनवर मुळीच करायचा नाही. तिचा वरचा थर एकदा गेला की गेला.

महिन्यातून एकदा धुतल्या तरी पुरे. त्यापेक्षा राउंडनंतर ओल्या फडक्याने एक हात फिरवायची सवय जास्त कामाची. घामातले क्षार आणि हाताला लावलेलं सनस्क्रीन रबरावर सुकायच्या आत निघून जातं.

क्लब गाडीच्या डिकीत ठेवले तर चालतात का?

रोजच्या रोज नको. बंद डिकीत उन्हाळ्यात प्रचंड उष्णता साठते. तिने रबर लवकर कडक होतं आणि खालच्या टेपचा गोंद मऊ पडून ग्रिप फिरू शकते. पावसात खेळून आल्यावर ओले क्लब बॅगेत कोंबून ठेवणं त्याहून वाईट. बॅग उघडी ठेवा, हेडकव्हर काढा, ग्रिपना वारा लागू द्या.

ग्रिप घरी बदलता येते का?

येते, आणि एकदा स्वतःच्या हाताने बदलली की ग्रिपबद्दलची समजच वाढते. लागतं ते असं: आकडीसारखं वाकलेलं पातं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मिनरल स्पिरिट किंवा ग्रिपसाठी मिळणारं सॉल्व्हंट, खाली धरायला ट्रे, आणि शाफ्ट पकडायला व्हाइस व त्यासाठीचा रबरी गुटका. व्हाइसमध्ये शाफ्ट उघडा आवळलात तर ग्रॅफाइटचा चुरा होईल, म्हणून गुटका हवाच.

जुनी ग्रिप कापताना पातं अंगापासून दूर ओढा. स्टीलवर साधं पातं चालून जातं, पण ग्रॅफाइटवर आकडीचंच वापरा, कारण सरळ पात्याचं टोक शाफ्टच्या तंतूंत घुसतं. ग्रिप सोलून निघाली की खालची जुनी टेप काढा. कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त हयगयही इथेच होते. टेपचा एखादा तुकडा राहिला तर नव्या ग्रिपखाली तो खड्यासारखा लागत राहतो. थोडी ऊब देऊन टेप सैल करा, आणि उरलेला गोंद सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसा.

नवी टेप शाफ्टवर उभी लावून टोकाला अर्धा इंच बाहेर ठेवा आणि तेवढी मुरडून शाफ्टच्या तोंडात दाबा. त्यामुळे सॉल्व्हंट आत जात नाही. आता ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने किंवा टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करा, आत सॉल्व्हंट ओता, दुसरं तोंडही बंद करून हलवा, आणि तेच सॉल्व्हंट टेपवर वरून खाली ओतत जा. टेप पूर्ण भिजली पाहिजे. इथे काटकसर केली की ग्रिप अर्ध्यावर अडकते आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. ग्रिपचं तोंड चिमटून शाफ्टच्या टोकावर बसवा आणि एका दमात, न थांबता आत ढकला. टोक शाफ्टला टेकलं की आतून ठक्कन जाणवतं. लगेच क्लब शॉट मारण्याआधी चेंडूमागे ठेवतात तसा जमिनीवर ठेवून, क्लबफेस सरळ करून, ग्रिपवरची खूण जुळवा. यासाठी एक-दोन मिनिटंच मिळतात.

मग क्लब रात्रभर तसाच सोडा. काही तासांनी वापरता येतो, पण सॉल्व्हंट पुरतं उडालं नसेल तर पहिल्याच जोरदार शॉटला ग्रिप फिरते. काम मोकळ्या हवेत करा, जवळपास आग किंवा ठिणगी नको, आणि सॉल्व्हंटऐवजी पेट्रोल कधीही वापरू नका. वास नकोच असेल तर पाण्याने ओली करायची टेपही मिळते.

डावा हात ग्रिपवर नेमका कसा ठेवायचा?

नवशिक्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे क्लब तळहातात धरणं, हातोडा धरतात तसा. क्लब बोटांत धरायचा असतो.

डावा हात बाजूला सैल सोडा. तो आपोआप थोडा आत वळलेला असतो, तसाच क्लबपाशी आणा. ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरकी जाऊन करंगळीच्या बुडाशी, तळहाताच्या टाचेच्या किंचित खाली आली पाहिजे. आता ती टाच ग्रिपच्या वर बसवा आणि बोटं मिटा. वरचं टोक साधारण अर्धा इंच बाहेर राहू द्या. अंगठा अगदी मधोमध नको, जरा उजवीकडे.

बरोबर बसला की नाही याची परीक्षा घ्या. मधलं बोट, अनामिका, करंगळी आणि अंगठा हळूच उचला. क्लब फक्त वाकवलेली तर्जनी आणि तळहाताची टाच यांच्यात अडकून हवेत राहिला पाहिजे. पकड तळहातात असेल तर तो लगेच खाली पडतो. शिकवताना मी पहिल्या दिवशी हे करून घेतो. कारण क्लब ताकदीवर नाही तर हाताच्या रचनेवर तोलला जातो, हे शब्दांपेक्षा यात लवकर समजतं.

खाली बघितल्यावर डाव्या हाताची दोन किंवा अडीच बोटांची मुठीतली हाडं दिसावीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात होणारी चिमट उजव्या खांद्याच्या दिशेने असावी.

उजवा हात? आणि बोटं गुंफायची की ठेवायची?

उजव्या तळव्याच्या मधली खाच डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसते. क्लब मधलं बोट आणि अनामिका यांनी धरायचा. तर्जनी जरा सुटी, बंदुकीच्या घोड्यावर असते तशी वाकलेली.

करंगळीचे तीन प्रकार आहेत. ती डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवली की 'ओव्हरलॅप'. हॅरी व्हार्डन यांनी १८९६ ते १९१४ दरम्यान ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली आणि ही पकड त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, पण त्यांच्याआधी जॉन लेडले हे हौशी विजेते ती वापरत होते. करंगळी डाव्या तर्जनीत गुंफली की 'इंटरलॉक'. जॅक निकलॉस यांच्या १८ आणि टायगर वुड्स यांच्या १५ मेजर (सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या गेल्या त्या याच पकडीत. दहाही बोटं ग्रिपवर ठेवायची तिसरी रीत मुलांना, लहान हातांना आणि बोटांत जोर कमी असणाऱ्यांना सोयीची.

बोटं आखूड असतील तर इंटरलॉक, लांब असतील तर ओव्हरलॅप, असा अंदाज बांधता येतो. इंटरलॉकमध्ये मात्र बोटं मुळापर्यंत गुंफू नका. तसं केलं की क्लब परत तळहातात जातो.

स्ट्राँग आणि वीक पकड म्हणजे घट्ट आणि सैल का?

नाही, याचा जोराशी संबंध नाही. दोन्ही हात उजवीकडे वळवून ठेवले, म्हणजे डाव्या मुठीची तीन हाडं दिसली, की पकड स्ट्राँग. डावीकडे वळवले, एखादंच हाड दिसलं, की वीक. चेंडूला भिडताना हात आपल्या नैसर्गिक स्थितीत परततात आणि सोबत क्लबफेस फिरवतात. म्हणून स्ट्राँग पकडीने फेस मिटतो आणि चेंडू डावीकडे वळतो, वीक पकडीने उलट. जुने नामवंत अमेरिकन खेळाडू बेन होगन यांना हुक (चेंडू जोरात डावीकडे वळणं) छळत असे, आणि पकड वीक करणं हा त्यांच्या दुरुस्तीचा मोठा भाग होता. ते वाचून स्लाइस मारणारे लोकही पकड वीक करतात आणि आणखी उजवीकडे जातात. तुमचा चेंडू उजवीकडे वळत असेल तर तुम्हाला उलटं औषध हवं आहे.

किती घट्ट धरायचं?

अजिबात न आवळणं म्हणजे शून्य आणि पूर्ण ताकद म्हणजे दहा धरलं, तर चार-पाच. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्या हाताची मधली दोन, एवढ्यांत पकड जाणवावी. अंगठे आणि तर्जन्या शांत. क्लब समोर उभा धरून मनगटांनी क्लबहेडचा छोटा गोल काढून बघा. गोल अडखळला तर पकड जास्त आहे. आणि हे सगळं माहीत असूनही हात आवळत असतील, तर वर लिहिलेल्या अंगठ्याच्या चाचणीकडे परत जा. निसरड्या ग्रिपवर "सैल सोड" असं सांगणं त्या माणसावर अन्याय आहे.

ग्लोव्ह नेहमी एकाच जागी फाटतो. का?

तळहाताच्या टाचेशी फाटत असेल तर क्लब तळहातात आहे, किंवा स्विंगच्या वरच्या टप्प्यावर डाव्या हाताची शेवटची बोटं उघडतात आणि ग्रिप तिथे घासते. अंगठ्याशी फाटत असेल तर अंगठा फार ताणून लांब ठेवलेला असतो किंवा त्याने दाबलं जातं. ग्लोव्ह फेकण्याआधी उलटसुलट करून बघाच. नवा घेताना तळव्यावर सुरकुती पडणार नाही इतका चपखल घ्या.

बोटांचे सांधे दुखतात. काय बदलू?

एक साइझ जाड आणि मऊ ग्रिप. जाड वस्तू धरायला बोटं कमी मिटावी लागतात, म्हणून सांध्यांवरचा ताण उतरतो. दहा बोटांची पकडही करून पाहा, करंगळी गुंफण्याचा त्रास वाचतो. दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

मुलांना मोठ्यांचा क्लब कापून दिला तर?

शक्यतो नको. तो जड आणि ताठ राहतो, आणि ग्रिप मुलाच्या मुठीत मावत नाही. मग मूल तो तळहातात धरतं आणि ती सवय मोडायला पुढे फार कष्ट पडतात. लहान मुलांसाठी बारीक ग्रिपचे क्लब वेगळे बनतात, तेच द्या.

पकड बदलली, पण फार अवघडल्यासारखं होतंय. चुकलंय का?

बहुधा नाही. नवी पकड सुरुवातीला विचित्रच वाटते, आणि पहिले काही दिवस चेंडूही मनासारखे जात नाहीत. म्हणून ती रेंजवर नाही, घरी बसवा. क्लब हाताशी ठेवा आणि दिवसातून दहा-बारा वेळा उचलून पकड घ्या, बघा, सोडा. चेंडू नाही, स्विंग नाही. दोन-तीन आठवड्यांनी हात न बघता जागेवर जायला लागला की अर्ध्या स्विंगने वेज मारायला सुरुवात करा, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी बाहेर काढा.